मूठभर मुरूम

दारव्ह्यात घर घ्यायचं तर आधी डोमाजी मिस्त्रीला दाखवायचं, ही रीत कापसाचा भाव पडला तेव्हापासूनची. नवं घर बांधायची कोणाची ऐपत उरली नव्हती. बांधलेली होती तीच विकायला निघाली होती आणि पगारदार माणसं ती घेत होती. मिस्त्रीच्या हाताला काम नव्हतं, पण डोळे शाबूत होते. मग तो घरं तपासायला लागला, आणि खरं सांगायचं तर बांधण्यापेक्षा त्याला हेच जास्त मानवलं. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर चार लोकांत मान मिळवायचा, असला धंदा कोणाला आवडणार नाही?

यायचा तोही थाटात. खिशात काचेची गोटी, हातात ओळंबा. गोटी फरशीवर ठेवून ती कुठे पळते ते बघायचा, भिंतीला ओळंबा लावायचा, एकूण एक दार लावून उघडून पाहायचा आणि मग मूळच्या मिस्त्रीचा असा उद्धार करायचा की विकणाऱ्याची मान खाली जायची.

त्या भाद्रपदात त्याला मैत्रेयी सिस्टरने बोलावलं. सरकारी दवाखान्यातली नर्स. अकरा वर्षांत सात भाड्याच्या खोल्या बदलून ती विटली होती आणि हे घर तिच्या इतकं मनात भरलं होतं की कपाट कुठे ठेवायचं तेही तिने ठरवून टाकलं होतं. डोमाजी तिच्यामागून ऐटीत गल्लीत वळला आणि त्याची ऐट तिथेच उतरली. घर देवीलाल राठोडचं होतं. अठरा वर्षांपूर्वी ते डोमाजीनेच बांधलं होतं.

कामाला होता ती कापसाची जिनिंग गिरणी बंद पडल्यामुळे देवीलाल आता मुलाकडे अमरावतीला निघाला होता. मिस्त्रीला पाहून त्याचा चेहराच उजळला. हे घर यांच्याच हातचं आहे, आता यात तपासायचं काय राहिलं, असं त्याने सिस्टरला तिथल्या तिथे सांगून टाकलं. सिस्टरलाही ते पटलं. देवीलालच्या बायकोने, चंदाबाईने, चहाचं आधण ठेवलं. सगळे खूश होते, एकटा डोमाजी सोडून.

काळ्या जमिनीचं असं असतं की ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरचं घरही आपल्याबरोबर हलवते; मग भिंती तडकतात, दारं लागेनाशी होतात. म्हणून खालचा घट्ट मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा असतो. मुरूम लागला की मिस्त्री मूठभर घरधन्याच्या हातात देतो, धनी तो कपाळाला लावतो, नारळ फुटतो आणि पाया भरायला घेतात. एकदा भरला की खाली काय आहे ते फक्त मिस्त्रीला ठाऊक. हे घर बांधलं त्या साली कापसाला भाव होता, अर्धं दारव्हा बांधकामाला लागलं होतं आणि डोमाजीने एकाच वेळी चार कामं धरली होती. इथे काही केल्या मुरूम लागेना. चौथ्या फुटावर कंटाळून त्याने खणणं थांबवलं आणि दुसऱ्या कामावरून आणलेला मुरूम देवीलालच्या हातात ठेवला. देवीलालने तो भक्तिभावाने कपाळाला लावला.

आता भाद्रपदात भिंतींच्या भेगा मिटलेल्या होत्या, वरून ताजा रंग दिलेला होता. वैशाखापर्यंत कोणाला काही कळणार नव्हतं, आणि वैशाखात जमिनीला बोल लावता आला असता. गप्प बसायचं, असं डोमाजीने ठरवलं. लाज वाटली, पण ठरवलं.

तेवढ्यात सिस्टर आतल्या खोलीतून आली. तिची आई आता कायमची तिच्याकडे राहायला येणार होती. तिची खाट कोणत्या भिंतीला लावू, असं तिने मिस्त्रीलाच विचारलं.

"कोन्याच नाही," डोमाजी म्हणाला. "सिस्टर, हे घर घेऊ नोका. याच्या पायव्याखाली मुरूम नाही. मी तिथवर खोदलंच नाही. देवीलालभाऊ, तुमच्या हातात देला तो मुरूम दुसरीकडचा होता."

पहिली बोलली चंदाबाई, आणि तीही मिस्त्रीशी नाही, नवऱ्याशी.

"अठरा वर्षं मले बोलून राह्यले," ती म्हणाली, "का मी आपटतो म्हनून दारं बिघडले."

देवीलालला आधी कोणाकडे पाहावं तेच कळेना. मग त्याने मिस्त्रीला मनसोक्त झापलं, आणि तो त्याचा हक्कच होता. डोमाजीने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. पाया कोपऱ्याकोपऱ्याने मजबूत करून देईन, मजुरी घेणार नाही, एवढंच तो म्हणाला.

रस्त्याला लागल्यावर सिस्टरने एकदा मागे वळून घराकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर ते कपाट असणार. मग तिने सांगितलं की आर्णी रोडला आणखी एक घर आहे, रविवारी पाहायला याल का. डोमाजीला वाटलं होतं की आजपासून आपल्याला दारव्ह्यात कुत्रं विचारणार नाही; त्याला रडूच यायचं बाकी राहिलं. घर कोणाचं ते त्याने विचारलं. मग अडखळत सांगितलं की तेही आपणच बांधलेलं आहे, पण तिथे मुरूम लागला होता, सात फुटांवर.

"नक्की, काका?" तिने विचारलं.

चाळीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. राग यायला हवा होता, पण आला नाही.

"कोपऱ्यात खड्डा मी खोदतो," तो म्हणाला. "उतरून तुमीच पाहा."