दाबून लावलेले कळे

लढाई सुरू होऊन एकवीस दिवस झाले होते आणि तेवढ्यात साळूबाईंनी चार गोष्टी सोडल्या होत्या. पहिल्या आठवड्यात चहा सोडला. टीव्हीवर तेलाच्या टाक्या जळताना दिसल्या त्या दिवशी पायातल्या चपला. मग भात. आणि त्यांचा लेक कुमार परदेशात ज्या बंदरावर क्रेन चालवतो, त्या शहराचं नाव परवा बातम्यांत आलं तेव्हा मीठ. सोमवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी हे तर पूर्वीपासूनचे नेम. ते अंगवळणी पडलेले, त्यांचं ओझं कधी वाटलं नव्हतं. हे नवे नेम मात्र वेगळे होते. देवाशी घासाघीस केल्यासारखं वाटायचं आणि साळूबाईंना ते मनातून पटत नव्हतं. पण हातात दुसरं होतं काय?

"आत्या," सून वैष्णवी अळणी भाजी वाढताना म्हणाली होती, "लढाई अजून म्हैनाभर चालली तर तुमी नुसत्या वाऱ्यावर ऱ्हाल. मग हे आल्यावर मलाच म्हणणार, माझ्या आईला उपाशी ठिवली."

"येऊ दे तर खरं. मग काय म्हणायचं ते म्हणू दे."

लढणारे देश दुसरेच. त्यांची नावं साळूबाईंच्या तोंडात बसत नसत. सुरुवातीला ते सगळं तोरण्याच्या पलीकडल्या गावात कुणाचं भांडण लागावं तसं होतं. वारा फिरला की आवाज यायचा, नाहीतर नाही. कुमार फोनवर म्हणायचा, "आमच्याकडं काय न्हाई, आये." मग म्हणाला, "लांबून आवाज येतात." मग म्हणाला, "खोलीच्या काचांना चिकटपट्ट्या लावल्यात, फुटली तरी अंगावर येऊ नये म्हणून." दर फोनला लढाई कोसभर अलीकडे सरकत होती.

भीतीचंही दुभत्या जनावरासारखं असतं. दोन्ही वेळेला तिचं करावंच लागतं, त्यात खाडा नाही. सकाळी उठून बातम्या, संध्याकाळी दिवा लावून बातम्या. एकवीस दिवसांत साळूबाईंना भीतीपेक्षा त्या करण्याचाच शीण आला होता.

गुरुवारी दिवेलागणीला कुमारचा फोन आला.

"आये, कंपनीनं इचारलंय. ज्याला घरला जायचंय त्यानं उद्या दोनच्या आत नाव द्यायचं. आपल्या घड्याळानं दोन. बसनं शेजारच्या देशात नेणार, तिथनं इमान. पर जो गेला त्याचं काम गेलं. परत बोलवणार न्हाईत."

"तुझ्या मनात काय हाय?"

"मन रोज पालटतंय. आवाज झाला की वाटतं, पळावं. सकाळी चा पिताना वाटतं, ऱ्हावं, हितं हजारो माणसं हायेत. आन् बसचा रस्ता तरी कुठं धड हाय? परवा त्याच रस्त्याला..." तो मध्येच थांबला. "जाऊ दे. तू जननीला कौल लाव. उजवा दिला तर येतो, डावा दिला तर ऱ्हातो. माझं डोकं चालंना."

साळूबाईंनी फोन कानाशी धरूनच सुनेकडे पाहिलं. वैष्णवी चुलीपुढे, त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

"माझ्याकडं नगा बघू, आत्या," फोन बंद झाल्यावर ती म्हणाली. "म्या या म्हणलं आन् तिकडं चार दिसांत निवळलं, तर जलमभर ऐकायचं की बायकूमुळं नोकरी गेली. म्या ऱ्हावा म्हणलं आन् काय झालं तर..." तिने चुलीतलं लाकूड उगाच पुढे सरकवलं. "तुमी देवीलाच इचारा."

जननीचं देऊळ गावाच्या वरच्या टेकाडावर आहे. शुक्रवारी सकाळी साळूबाई अंघोळ करून, ओल्या केसांनी, अनवाणी चढून गेल्या. खडे टोचत होते. सोबत परडीत तगरीच्या कळ्या, नारळ आणि तांब्या. मोबाईल कमरेला खोचलेला, कारण गावात रेंज पक्की लागते ती फक्त देवळाच्या ओट्यावर आणि शाळेच्या जिन्यात; घरी कधी लागते, कधी जाते.

देवळात गुरव हनुमंतरावांची बायको रतनबाई एकटीच होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"हनुमंतराव कुठंयत?"

"पुन्याला. डोळ्याचं आप्रेशन. परवाच्याला सोडतील. आन् म्या ही अशी, पायरीवरनं घसरले. देवीची पुजा डाव्या हातानं करतीय, ती बिचारी चालवून घेतीया." रतनबाई हसली, मग तिचं लक्ष परडीतल्या कळ्यांकडे गेलं. "कौल लावायचाय व्हय?"

"कुमारचा. आज दोनच्या आत सांगायचंय."

"मग तूच लाव."

"मी? गुरवाच्या हाताचं काम ते."

"हात हाय कुठं? अंगूळ झालीय, पोटात अन्न न्हाई, आनखी काय लागतंय? ये अशी आत."

पस्तीस वर्षं साळूबाई त्या उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या होत्या. गुरव पाण्यात कळी भिजवतो, देवीच्या दोन्ही खांद्यांना एकेक टेकवतो, प्रश्न मोठ्याने बोलतो आणि सगळे हात जोडून वाट पाहतात. पाणी सुकत आलं की एखादी कळी सुटते. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बहुतेक वेळा अर्ध्या तासात देवी बोलते. कुमारचं लग्न असंच ठरलं होतं. तिकडे नोकरीला जाण्यालाही देवीने उजवाच दिला होता.

त्यांनी उंबरा ओलांडला. आत तेलाचा आणि शेंदराचा वास होता. त्यांनी कळी भिजवली आणि देवीच्या खांद्याला लावली. दगड थंड होता, शेंदराचा थर मऊ. बोट कापत होतं म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. मग दुसरी कळी लावली. बाहेर येऊन, हात जोडून म्हणाल्या, "आई जननी, कुमारनं घरला यावं का? यायचं असंल तर उजवा दे, न्हाईतर डावा दे."

आणि त्या बसल्या.

नऊ वाजले. साडेनऊ वाजले. ऊन ओट्यावर आलं. कळ्या होत्या तिथेच.

दहाच्या सुमाराला कुंडलिक वर आला. त्याचा दुधाचा टेम्पो रोज हायवेवर कापूरहोळला जातो. टेम्पोला लिंबू-मिरची बांधण्याआधी तो देवीला नारळ दाखवून न्यायचा.

"वैनी, कौल लावलाय जनू? लढाईचाच असंल. अवो, लढाई आता कापूरहोळपत्तूर आलीय!"

"काय बोलतूस?" साळूबाई अर्ध्या उठल्या.

"मंजी, सिलेंडर न्हाई. निम्म्या ढाब्यांनी चुली बंद केल्या. एकानं लाकडाची चूल मांडली, तर गिऱ्हाईक म्हणतंय, वा वा, चुलीवरचं जेवान, आन् तो वरनं ईस रुपयं जास्त घेतोय. ज्याची त्याची लढाई!"

"कुंडलिका," रतनबाई म्हणाली, "तुझा नारळ दावून झाला का? मग सूट हितनं. बाई काळजीत हाय आन् तू ढाबं मोजतोयस."

कुंडलिक ओशाळला. जाताना हळूच म्हणाला, "कुमार यील, वैनी. ग्वाड होईल." पण त्याने सांगितलेलं डोक्यात राहिलं. साळूबाईंना वाटलं, इथवर आलीच आहे ती. मग लेक तिथे राहिला काय आणि इथे आला काय? लगेच त्यांनी तो विचार ढकलला. सिलेंडर नसणं आणि डोक्यावर छप्पर पडणं, यात फरक आहे. फरक आहे, हे स्वतःला समजावायलाही आता बळ लागत होतं.

अकरा. बारा. रतनबाई देवीशी भांडू लागली. गुरवांना तेवढा हक्क असतो.

"अगं ए, लेकराला टांगून का ठिवतीस? तिकडं त्याच्या जिवाला घोर, हितं म्हातारी तळतीया. काय असंल ते दे आन् मोकळी कर की. का रुसलीस? चुकलं असंल तर पदरात घे!"

देवीचे चांदीचे डोळे होते तसेच. कळ्या तशाच.

साडेबारा झाले. साळूबाईंच्या पोटात काही नव्हतं. ऊन डोळ्यांत जात होतं. कुमारचे दोन मेसेज येऊन पडले होते. पहिला, "आये दिला का". दुसऱ्यात नुसतं प्रश्नचिन्ह.

एक वाजायला आला तेव्हा रतनबाई उठली, समई हातात घेऊन आत गेली आणि हात न लावता, वाकून कळ्या न्याहाळू लागली.

"साळू," ती आतूनच म्हणाली, "कसं लावलंस गं हे?"

"कसं म्हंजे? लावलं. भिजवून."

"ये, बघ."

साळूबाई उंबऱ्याशी गेल्या. समईच्या उजेडात दिसलं. दोन्ही कळ्या चेंगरून चपट्या झाल्या होत्या आणि शेंदरात रुतल्या होत्या. कडेला शेंदरावर त्यांच्याच बोटांचे ठसे होते.

"कळा नुसता टेकवायचा असतो बाई. पडायला मोकळा ठिवायचा असतो. तू तर थापून बसवलायस. ह्ये दसऱ्यापत्तूर पडायचं न्हाई." रतनबाईच्या आवाजात राग नव्हता. "कुठला पडाय नगं हुता?"

साळूबाईंनी ते ठसे बघितले. बोट कापत होतं म्हणून जोर दिला, असं त्या म्हणू शकल्या असत्या. पण देवीसमोर होत्या. डावा पडला असता तर लेक तिथल्या आवाजात राहिला असता. उजवा पडला असता तर लेक त्या रस्त्यावर निघाला असता. त्यांनी कौल मागितला होता आणि दोन्ही हातांनी तो दाबून धरला होता.

"दोनी," त्या म्हणाल्या.

रतनबाईने मान हलवली. समई खाली ठेवली.

"पुन्यांदा लावू का? आता हलक्या हातानं."

"एका सवालाला एकदाच. आता फुडच्या शुक्रवारी."

"फुडच्या शुक्रवारी काय उपेग?"

"म्हणूनच म्हणते," रतनबाई जवळ आली, आवाज उतरवून म्हणाली, "म्या डाव्या हातानं उजवा कळा काढते. पोराला सांग, उजवा दिला. त्याच्याबी जिवाला आधार. देवी काय माझ्यावर रागवायची न्हाई, आमचं रोजचंच हाय."

किती सोपं होतं ते. साळूबाईंनी क्षणभर डोळे मिटले. कुमार म्हणाला असता, देवीनेच सांगितलंय, आणि निर्धास्त बसमध्ये चढला असता. पुढे काय होईल ते देवीवर. त्यांनाही झोप लागली असती.

"नको गं," त्या म्हणाल्या. "देवीच्या तोंडात माझं बोलणं नको."

"मग कुणाच्या तोंडानं बोलणार?"

आयुष्यात साळूबाईंनी न विचारता काही ठरवलं नव्हतं. आधी वडिलांना, मग कुमारच्या वडिलांना, ते गेल्यावर देवीला. विचारणं हाच त्यांचा धर्म होता आणि त्यात त्यांना सुख होतं.

फोन वाजला. त्या ओट्याच्या कोपऱ्याला गेल्या, जिथे रेंज पक्की लागते.

"आये? दीड वाजत आला. काय दिलं?"

"देवी बोलली न्हाई, बाळा."

"म्हंजे?"

"माझ्याच हातानं चुकलं. कळे दाबून बसवले म्या. पडंनात. तिचा काय दोष न्हाई."

पलीकडून माणसांचा कालवा ऐकू येत होता. "मग म्या काय करू गं?" कुमार म्हणाला. सहावीत असताना विहिरीत पडलेली बादली दाखवून विचारलं होतं, तोच आवाज.

"ये," साळूबाई म्हणाल्या.

"देवीनं..."

"देवी न्हाई. म्या म्हणते. ये घरला."

"आन् बसचा रस्ता?"

"रस्त्याचं मला काय ठावं न्हाई. मला लढाईतलं काय कळत न्हाई. पर तू तिथं काचांमागं आन् मी हितं टीव्हीम्होरं, ह्ये आता माझ्याच्यानं व्हत न्हाई. मी थकले रं कुमार. ये."

"वाटंत काय झालं तर?"

त्यांनी देवळाच्या भिंतीला हात टेकला. "तर ते माझ्या माथी. देवीच्या न्हाई, तुझ्या न्हाई, वैष्णवीच्या न्हाई. माझ्या."

पुन्हा कालवा. कुणीतरी परक्या भाषेत ओरडत होतं. मग कुमारने श्वास सोडला, तो इतका मोठा की साळूबाईंना कानावर वारा आल्यासारखं वाटलं.

"बरं. देतो नाव. बस उद्या सकाळी सातला सुटणार. एकच पिशवी नेऊ देनार हायेत, आये. तुला कांबळं घेतलं हुतं, जाड, वाघाच्या चित्राचं. ते बसायचं न्हाई."

"मला काय करायचाय वाघ? तुझं तू पोच म्हंजे झालं."

उतरताना खडे टोचले नाहीत की टोचलेले कळले नाहीत, कुणास ठाऊक. वैष्णवी पाणंदीच्या तोंडाशीच उभी होती.

"ये म्हणून सांगितलं," साळूबाई म्हणाल्या. "कौल पडला न्हाई. माझ्या मनानं सांगितलं. काय बरंवाईट झालं तर मला बोल. तोंडावर बोल."

"बोलन की," वैष्णवी म्हणाली. "सोडते व्हय!" आणि तिने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने पदराआडूनच म्हणाली, "म्याबी येच म्हणलं असतं, आत्या. काल भ्याले."

"ठावं हाय."

"बस कवा सुटणार?"

"उद्या सकाळी सातला. तिकडच्या सातला."

वैष्णवीने बोटांवर हिशेब केला. "म्हंजे आपल्याकडं साडेआठ. आठ तासाचा रस्ता असंल तर... साडेचार." तिने पुन्हा मोजलं. "साडेचारपत्तूर काय करायचं वो?"

साळूबाईंनी सुनेचा हात धरला आणि दोघी हळूहळू घराकडे चालू लागल्या.