गौरवाचे चार शब्द

"तोंड उघड रे बाला," रखमाबाईने लेकाची हनुवटी धरली. पोराच्या हिरड्या सुजून काळ्यानिळ्या झाल्या होत्या आणि लाळ थांबत नव्हती. "दात हलतान याचे. ताप आलता, म्हंगून त्या ज्वरकाल गोल्या दिल्या."

"कोणी सांगितल्या द्यायला?" भाऊ टिपणीस कडाडले. कल्याणच्या सरकारी दवाखान्यातले ते हॉस्पिटल असिस्टंट.

"तुमीच! तलाठ्यानी वाचून दाखवला. तुमचा नाव छापलाय ना!"

भाऊंनी टेबलावर पडलेला मासिकाचा नवा अंक उघडला. ठाण्याच्या डॉक्टर रणदिव्यांच्या वैद्यक मासिकाला त्यांनी लेख धाडला होता खरा. पण तो या गोळ्यांत पारा आहे, मुलांना देऊ नका, हे सांगायला. रणदिव्यांनी मागे याच गोळ्यांची वाखाणणी केलेली. मोठ्या माणसाची चूक दाखवायची तर आधी गौरवाचे चार शब्द लिहावेत, ही आपली रीत. म्हणून भाऊंनी आरंभी लिहिलं, 'ताप झटकन उतरतो, डॉक्टरसाहेबांचे उपकार.' छापून आलं ते तेवढंच. पुढचा सगळा लेख गिळला, आणि खाली भाऊंचं नाव ठसठशीत!

दुसऱ्याच दिवशी भाऊ ठाण्याला जाऊन थडकले.

"लेख फार लांबला होता हो," रणदिवे विड्याचं पान लावत म्हणाले.

"मग राहिलेला पुढच्या अंकात छापा. पोरांचे दात पडताहेत, साहेब."

"आणि अंक निघतो कशावर? वर्गणीवर? त्या गोळ्यांच्या कारखान्यात माझी भागी आहे, टिपणीस. तिच्यावरच हे मासिक तगलंय. मी काही लपवत नाही."

"वाचकांपासून लपवलंत की!"

"नाशिकपर्यंत नाव झालं तुमचं. आभार मानायचे सोडून भांडताय काय?"

निर्लज्जपणालाही काही सुमार असतो! भाऊ उठून बाहेर पडले. विद्या शिकलेला माणूस आजारी पोरांच्या तोंडात विष घालतो, वर दुसऱ्याला उपकार मोजायला सांगतो.

कल्याणला उतरले ते घरी न जाता थेट बाजारात गेले. दुकानात एक गृहस्थ ज्वरकालची डबी मागत होते.

"थांबा. मी भाऊ टिपणीस, दवाखान्यातला."

"अरे वा! तुमचाच लेख वाचून आलो," गृहस्थांचा चेहरा उजळला. ते दुकानदाराकडे वळले. "मग दोन द्या."

भाऊंनी त्यांचं मनगट धरलं. लेख कापला, फसवणूक झाली, हे सगळं समजावत बसलं तर हा माणूस छापलेल्यावरच विश्वास ठेवील, हे त्यांना कळून चुकलं.

"घेऊ नका," ते भर बाजारात मोठ्याने म्हणाले. "ते मी लिहिलं आणि ते खोटं आहे."

आसपासची माणसं वळून बघू लागली. गृहस्थांनी मनगट सोडवून घेतलं, डबी फळीवर ठेवली आणि भाऊंकडे न बघता निघून गेले.