दोन्ही हात स्टिअरिंगवर

“‘उमेदवार रस्त्यातल्या अनोळखी लोकांना हात करते,’” कमलाकरने निकालाचा कागद वाचला, चष्मा काढला आणि बायकोकडे पाहिलं. “कुणाला हात केलास गं?”

“कुणालाही नाही,” अंजली म्हणाली. “तो माणूस काहीही लिहितो.”

वुडलँड्सच्या त्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गॅसवरची भाजी करपत होती, पण कुणाचं लक्ष नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिक्षक व्हायच्या परीक्षेत अंजली नापास झाली होती, आणि तीही असल्या कारणाने. बाकी लागणारं सगळं तिच्यापाशी होतं. पी.आर., म्हणजे सिंगापुरात कायम राहायचा परवाना होता, अकरा वर्षांचं लायसन्स होतं आणि त्यात दंडाची एक नोंद नव्हती. डोळे तपासून झाले होते, लेखी पेपर तर तिने वेळेच्या आधीच देऊन टाकला होता. राहिली होती रस्त्यावरची चाचणी. शेजारी परीक्षक मिस्टर योंग बसणार आणि आपण पाऊण तास एकही चूक न करता गाडी चालवून दाखवायची. आता स्कूलने आणखी एकच संधी दिली होती, तीन आठवड्यांनी.

पुण्यात अंजली नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवायची. कमलाकरच्या नोकरीपायी सिंगापूरला आली आणि फळा सुटला तो सुटलाच. लेकीला शाळेत सोड, नवऱ्याला एमआरटीच्या स्टेशनपर्यंत सोड, यात चौदा वर्षं गेली. तिला परत कुणाला तरी काहीतरी शिकवायचं होतं. इतकी साधी इच्छा, पण निकाल हातात पडल्यावर ती स्कूलच्या पार्किंगमध्ये गाडीची काच वर करून रडली होती. हे तिने घरी सांगितलं नव्हतं.

छडा लावला तो सतरा वर्षांच्या वल्लरीने. मोबाइलवरची नजर न काढता ती म्हणाली, “आई, यू ऑल्वेज डू दॅट, लाह. देऊळ आलं की.” आणि तिने उजवा हात कपाळाला आणि छातीला लावून दाखवला.

अंजलीला हे काही पटेना. म्हणून रविवारी सकाळी नवरा-बायको गाडी काढून निघाले. चाचणीच्या रस्त्यावर मुरुगनचं, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचं, एक छोटं देऊळ होतं. ते आलं, तसा अंजलीचा उजवा हात स्टिअरिंगवरून उठला, कपाळाला लागला, छातीला लागला आणि पुन्हा जागेवर आला.

“केलास,” कमलाकर म्हणाला.

“काय केलं?”

तिला खरोखरच कळलं नव्हतं. लहानपणी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसल्यापासून तो हात असा उठत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं. मिस्टर योंगना बिचाऱ्यांना वाटलं, बाई फुटपाथवरच्या कुणाला तरी सलाम ठोकतायत.

मग सराव सुरू झाला. तांजोंग पगारच्या ऑफिसात वीस माणसांना कामाला लावणारा कमलाकर या कामाला भलत्याच उत्साहाने लागला. त्याने वाटेतल्या देवळांचा नकाशा काढला, शेजारी बसून नोंदी ठेवल्या. पहिल्या आठवड्यात हात सात वेळा उठला. दुसऱ्या आठवड्यात अंजलीने स्टिअरिंग असं आवळून धरलं की हात उठला नाही, पण डोळे मिटले. त्या दिवशी कमलाकर जो ओरडला, तो मागच्या बसवाल्यानेही ऐकला असेल. डोळे ताब्यात आले तर मान झुकायला लागली. एवढ्याशा नमस्काराला किती वाटा असतात, हे अंजलीला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. हसून हसून तिचं पोट दुखायचं आणि मग मनातून भीती वाटायची.

चाचणीच्या आदल्या दिवशी ती बसने एकटीच त्या देवळात गेली. चपला काढून आत उभी राहिली आणि देवाला मराठीतच सांगितलं, “उद्या मी इथून जाणारे. तुझ्याकडे बघणार नाही. राग मानू नकोस.” बाहेर आल्यावर तिला हलकं वाटलं आणि थोडं अपराध्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मिस्टर योंग शेजारी बसले. सिग्नल, लेन, आरसे, खांद्यावरून मागे बघणं, सगळं चोख झालं. देवळाचं गोपूर डावीकडे दिसायला लागलं. अंजलीच्या उजव्या हाताची बोटं स्टिअरिंगवरून सुटायला लागली. तिने समोरच्या टॅक्सीची नंबरप्लेट मनात वाचली, पुन्हा वाचली, आणि गोपूर मागे गेलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

स्कूलमध्ये परतल्यावर मिस्टर योंगनी कागदावर सही केली आणि सहज विचारलं, “टुडे युवर फ्रेंड नॉट देअर, आह?”

“ही वॉज देअर,” अंजली म्हणाली. “आय वॉज ड्रायव्हिंग.”

त्यांना काय कळलं कोण जाणे, पण ते हसले आणि कागद तिच्या हातात दिला. पास.

दीड महिन्याने स्कूलने तिला शिकाऊंबरोबर रस्त्यावर पाठवायला सुरुवात केली. त्यातला एक निशिकांत. विद्यापीठात संशोधन करणारा, साताऱ्याकडचा, तिशी उलटलेला. प्रयोगशाळेत नाजूक यंत्रं लीलया हाताळणारा हा माणूस गाडीत बसला की घामाने भिजायचा. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा आपटला होता. मराठी मॅडम आहेत कळल्यावर त्याने मुद्दाम त्यांचाच तास मागून घेतला होता, आणि पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला अहो-जाहो करू नका.

त्या दिवशी गाडी बरी चालली होती. गोपूर दिसलं आणि निशिकांतचा हात स्टिअरिंगवरून उठला.

“हात खाली,” अंजली म्हणाली. “दोन्ही हात स्टिअरिंगवर.”

तो दचकला. “सॉरी मॅडम. सवय आहे. न करता गेलं की दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.”

“माहितीये. तू समोर बघ. तुझा नमस्कार मी करते.”

तिच्या बाजूला दुसरा ब्रेक होता. त्यावर पाय तयार ठेवून, नजर रस्त्यावरून न हलवता, अकरा वर्षांत पहिल्यांदाच अंजलीने त्या रस्त्यावरून जाताना दोन्ही हात जोडले. एकदा त्याच्यासाठी, मग पुन्हा एकदा स्वतःसाठी.

“झाला,” ती म्हणाली. “आता तिसरा गिअर टाक.”