दोन स्टुलं

शुक्रवारी सकाळी सात वाजता शाल्याच्या खाटेला ‘उपाशी’ची पत्र्याची पाटी पुन्हा लागली.

त्याच्या आईच्या, झुंबरबाईच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. मंगळवारीही हीच पाटी होती. तेव्हा पोर घशाच्या डॉक्टरांसाठी उपाशी होतं, आज पोटाच्या. ऑपरेशन मंगळवारी झालं नाही, आजही होण्याची चिन्हं नव्हती.

जानेफळला घरी साबणासाठी कालवलेलं कॉस्टिक सोड्याचं पाणी शाल्याने साधं पाणी समजून प्यायलं होतं. तेव्हापासून चार वर्षांचं ते पोर गळ्यातल्या नळीने श्वास घ्यायचं, पोटातल्या नळीने दूध. पोटाचे डॉ. वाकोडे म्हणत, आधी श्वासाची वाट नीट होऊ द्या, मग अन्ननलिका रुंद करतो. घशाचे डॉ. सावजी म्हणत, अन्ननलिका बंद म्हणून लाळ श्वासनलिकेत उतरते. आधी ती उघडा, मग मी गळा बघतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पोर खंगलंय, दोनदा भूल सोसणार नाही. दोघांनी एकाच टेबलावर आपापलं काम उरकावं.

पण मंगळवार सावजींचा आणि शुक्रवार वाकोड्यांचा. एकाच्या वारी दुसरा ऑपरेशनच्या खोलीत पाऊल टाकत नसे. एवढीशी रीत, पण पोराच्या जिवावर उठली होती.

“कौशल्याबाई, आज तरी दोघं येतीन काय व?” झुंबरबाईने नर्सला विचारलं.

“सावजीसाहेब शुक्रवारी ऑपरेशनला येत नाहीत, बाई.”

“काऊन? शुक्रवारी गळा नसते काय मानसाले?”

शेजारच्या खाटेवरच्या सरवरीला हसू फुटलं. तिचा नवरा रंगराव मात्र गडबडला. “हळू बोल ना व. डाक्टर लोक हायेत. चिडले म्हंजे?”

“चिडू द्या. तुमच्या भावकीत बांधाचं भांडन झालं तवा पंचायनं काय केलं? दोघा भावांले त्याच बांधावर आनून बसवलं. घरी बसून निरोप धाडू देले काय?”

तिने वॉर्डातली दोन स्टुलं ओढली. एक शाल्याच्या उशाशी ठेवलं, एक पायथ्याशी. मग घशाच्या विभागाच्या दारात जाऊन ती आडवी बसली. शिपाई ओरडला, बाहेरची माणसं जमली. शेवटी डॉ. सावजी तणतणत बाहेर आले.

“बाई, हा दवाखाना आहे, तुमचं शेत नाही!”

“शेतात असं चालत नाई, सायेब. नांगराले दोन बैल संगच जुपतेत. तुमी चिडा मायावर, पन पोरापाशी बसून चिडा.”

बाहेर कोणीतरी खोकून हसू दाबलं. सावजी तिच्यामागून आले आणि उशाच्या स्टुलावर बसले. शाल्याच्या गळ्यातली नळी घुरघुरत होती. ती त्यांनी स्वतः साफ केली.

पाठोपाठ डॉ. वाकोडे फेरीला आले. सावजींना पाहून पायथ्याशीच थांबले.

“तुम्ही? आज?”

“बसा,” सावजी म्हणाले.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दारातून सांगितलं, “टेबल दुपारपर्यंत मोकळं आहे. नंतर नाही.”

झुंबरबाई भिंतीला टेकून उभी होती. वाकोड्यांनी एक हात स्टुलावर ठेवला. अजून बसले नव्हते. पाटी खाटेलाच लटकत होती, आणि शाल्या भुकेने रडत होता. गळ्यात नळी असल्यामुळे त्याचा आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता.