मास्तरांची मॉरिस

गोकुळदास मास्तरांच्या अंगणातली मॉरिस गेली अकरा वर्षे जागची हलली नव्हती. पोर्तुगीज अमलात मुरगाव बंदरात उतरलेली ती विलायती मोटार आता फणसाखाली उभी होती. तिच्या तारा उंदरांनी कुरतडल्या होत्या आणि उरल्यासुरल्या मास्तरांनी स्वतः उपसून काढल्या होत्या. ती दुरुस्त करायला आलेल्या अनंताला तिच्यात मोटार दिसतच नव्हती. एका शिकलेल्या माणसाची, चार चाकांवर चढवलेली हौस तेवढी दिसत होती.

आणि त्या चिठ्ठ्या! प्रत्येक तारेच्या टोकाला दोऱ्याने बांधलेली, शाईने वळणदार अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी. डावा दिवा. उजवा दिवा. भोंगा.

"मास्तरानू, ह्यो चिठ्यो कित्याक? वायर काय वाचून आपल्या जागेर जातली?"

"नोंद असलेली बरी, अनंता."

"शिरगावच्या खाणीर साठ ट्रकांचा वायरिंग केलंय मी. एक चिठी लावली नाय."

हे खरे होते. दोडामार्गाकडून आलेल्या अनंताने खाणीच्या वर्कशॉपात चौदा वर्षे काढली होती. तिथे रंग पाहून तार निवडण्याची चैन नव्हती. रिळावर असेल ती, बहुधा लालच, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची. मग कुठली तार कुठे जाते, ते बोटांनी लक्षात ठेवायचे. बॅटरीची वजा बाजू बॉडीला, अधिक बाजू कामाला. हे त्याने कुठे वाचलेले नव्हते. हातांना ते ठाऊक होते, तोंडाला घास ठाऊक असावा तसे.

मार्चमध्ये ते वर्कशॉप बंद झाले. आता डिचोलीच्या बसस्टँडमागे स्वतःचे दुकान थाटावे, एवढेच त्याच्या मनात होते. पाच ट्रकांचा मालक विजय गावकर बाजारात, चारजणांसमोर बोलून गेला होता: तीस मेला घटकराज्याच्या मिरवणुकीत मास्तरांची मॉरिस चालताना दिसली, की माझे सगळे ट्रक तुझ्याकडे. म्हणून अनंत रोज सकाळी या अंगणात येई. आणि आपल्याला इथे येण्याची गरज आहे हे झाकण्यासाठी दिवसभर हिणवत राही.

हिणवायला मास्तर निमित्तेही कमी देत नव्हते. फेब्रुवारीत मराठीला मागे ठेवणारा राजभाषेचा कायदा झाला, तेव्हा मराठीचे शिक्षक असलेल्या या गृहस्थाने दोन दिवस अन्न सोडले होते. आता घटकराज्य होणार म्हटल्यावर तेच गृहस्थ बॉनेटवर लावायच्या झेंड्याला इस्त्री करीत होते.

"उपास सुटलो मां?" अनंताने विचारले.

मास्तर हसले. ते हसतात याचाच त्याला अधिक राग येई.

त्याने सगळ्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. बॅटरीच्या दोन जाड केबलांवरही होत्या. त्या त्याने वाचल्यासुद्धा नाहीत. पाच दिवसांत गाडीच्या अंगात लाल तारांचे नवे जाळे विणले गेले, आणि ते सुरेख होते, हे त्याच्या शत्रूनेही मान्य केले असते.

तीस तारखेच्या सकाळी अंगणात शेजारी जमले. विजय गावकरही आला. अनंताने दिवे लावले, लागले. भोंगा दाबला; कोंबड्या उधळल्या. किल्ली फिरवताच इंजिन खोकत खोकत सुरू झाले.

"बघा मास्तरानू, चिठ्येबगर!" असे म्हणत त्याने अॅक्सिलरेटर दाबला.

डॅशबोर्डवरचा विजेचा काटा उलटा पडला. डॅशबोर्डखालून आधी वास आला, मग निळसर, मग दाट काळा धूर. त्याने बाहेर झेप घेऊन बॅटरीची केबल उपटली, तोवर ते लाल जाळे वितळून एकमेकांना चिकटले होते.

मास्तर पुढे आले. त्यांनी केबल पाहिली आणि फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जुन्या विलायती गाड्यांत बॉडीला अधिक बाजू असते, अनंता. डायनामो त्याच हिशेबाने वीज बनवतो. बॅटरी उलटी पडली, की दोघे एकमेकांवर उठतात."

तेवढ्यात मागून विजय गावकर मोठ्याने हसला. "मास्तरान हात लायलो आसतलो! शाळेत खडू धरणारो हात तो, तेका वायर म्हणजे काय कळतली?"

सगळे हसले. मास्तरही ओशाळून हसले. अनंताला काहीच करावे लागणार नव्हते. तो नुसता उभा राहिला असता तरी दोष मास्तरांवर पडून पाच ट्रकांचे काम त्याला मिळाले असते. पण ते वाक्य त्याचेच होते. पाच दिवस रोज तो हेच बोलत आला होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते इतके स्वस्त, इतके आळशी वाटले, की त्याला किळस आली.

"मास्तरांनी नाय," तो म्हणाला. "बॅटरी मी जोडलंय. उलटी."

विजयचे हसू विरले. "साठ ट्रक केलंस म्हणतस, आणि बॅटरी उलटी?"

"होय."

"मग माझे ट्रक ऱ्हवांदे," असे म्हणून तो फाटकाबाहेर पडला. त्याच्यामागून शेजारीही पांगले. बाजारातून ढोल ऐकू येऊ लागले, तसे मास्तर झेंडा काठीला लावून, धुतलेल्या चपला घालून पायीच निघाले.

मास्तरांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी उंडे पाव आणि भाजीची बशी मडगार्डवर ठेवली. नवऱ्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत त्या म्हणाल्या, "पाच दीस तुझा तोंड चल्ला, अनंता. आता हात चलय."

तो डॅशबोर्डखाली शिरला आणि जळलेली पहिली तार सोडवू लागला.