तालमीतली घंटा

हॅकेथॉनची कोडिंग स्पर्धा तोंडावर आली होती आणि आमच्या ग्रुपची पोरं अजून बोलताना चुळबुळ करत होती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी मी त्यांची तालीम घेते. कोड त्यांना माझ्यापेक्षा बरा येतो, पण परीक्षकांसमोर काही बिघडलं की पार तारांबळ उडते. म्हणून माझा एकच नियम: डेमोत आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही. जे झालं ते आपण ठरवूनच केलं, असा चेहरा करायचा.

त्यांनी मनगटावर घालायचा एक पट्टा केला होता. घालणारा माणूस पडला की आमच्या लॅपटॉपवर घंटा वाजते. पडून दाखवायला कोणीतरी हवं होतं, तर माझे बाबा हौसेने तयार झाले. माझा फोन गेला की त्यांनी घरी, माडीवरच्या खोलीत, गादीवर धपकन पडायचं. पण बाबा म्हणजे उतावळेपणाचा कळस. दर तालमीला फोनच्या आधीच पडून मोकळे. या वेळी मी त्यांना दम भरला होता, की दार लावून बसा आणि फोन येईपर्यंत जागचे हलू नका.

बोलायला उभी राहिली आमची तोफ. बोलण्यात तिचा हात कोणी धरत नाही, म्हणून हे नाव. तिची दोन वाक्यं होतात न होतात तोच घंटा वाजली. मी कपाळाला हात लावला. दम भरूनही बाबांनी घाई केलीच! पण तोफ डगमगली नाही.

"बघितलंत? पडणारा माणूस सांगून पडत नाही," ती म्हणाली.

सगळे हसले, मीही हसले. घंटा थांबेना, तेव्हा लॅपटॉप सांभाळणाऱ्या चष्मिसाने आवाज बंद केला आणि तोफ पुढे बोलत राहिली. मला पोरांचा अभिमानच वाटला. मग परीक्षक होऊन मी खोदून खोदून प्रश्न विचारले, त्यांनी न अडखळता उत्तरं दिली. टाळ्या झाल्या. खुर्च्या उचलत होतो तेवढ्यात बाबांचा फोन आला. चांगलेच वैतागले होते.

"अगं, पडू कधी? केव्हाचा गादीपाशी बसलोय."

"तुम्ही पडला नाहीत?"

"तूच म्हणालीस ना, हलू नका."

पट्टे दोन होते. दुसरा घरीच, खाली स्वयंपाकघरात चार्जिंगला असायचा आणि आईला त्याचं भारी कौतुक. भांडी घासतानाही घालून बघायची. कोणता पट्टा वाजला ते आधी पडद्यावर यायचं. पडद्यावर गर्दी होते म्हणून ती ओळ मीच काढायला लावली होती.

आई कुठे आहे, मी विचारलं. खाली असेल, बाबा म्हणाले. खाली जाऊन बघा म्हटलं, तेव्हा कुरकुरत उठले. दार उघडल्याचा आवाज आला, मग जिन्यावरची पावलं, मग बाबांनी आईला मारलेली हाक. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. चष्मिसाने अँब्युलन्सला फोन लावला आणि दुसऱ्या हाताने मला जिन्याकडे ढकललं.

मी घरी पोचले तेव्हा आई मोरीपाशी ओल्या फरशीवर आडवी होती. एक पाय भलतीकडेच वळलेला. बाबांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती शुद्धीवर होती. मी खाली बसून तिचा हात धरला. मनगटावर पट्टा होता, त्यावरचा लाल दिवा अजून लुकलुकत होता. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं.

"घंटा वाजली ना गं तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"वाजली."

"तरी म्हटलं. म्हणून मग मी हाका मारायचं सोडलं. वाटलं, निघाला असाल तुम्ही."