शर्टाला लागू न देता

"ही धरली नाही," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

मी खुर्चीवरून उठून उभा होतो. मांड्या थरथरत होत्या. विचारलं, "का नाही धरली?"

"गुडघ्यावर हात टेकलात. कंबर मोडलीय माझी, डोळे शाबूत आहेत."

उठबशांचा आकडा सातावरच राहिला. मी पुन्हा बसलो आणि पुन्हा उठलो, तेव्हा कुठे आठ झाल्या.

सासूबाईंनी एकतीस वर्षं एका शाळेत घंटा वाजवली. आता त्यांच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा असे. टण्ण केलं की सुरू, टण्ण केलं की थांबायचं. दोन फेऱ्यांच्या मध्ये दीड मिनिट विश्रांती, त्यावर एक क्षण जास्त नाही. मी पाणी प्यायला उठलो तर म्हणायच्या, जावईबापू, मधली सुट्टी अजून लांब आहे.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले काटे. काटा खरं बोलतो की खोटं, हे तपासायला एक किलोपासून वीस किलोपर्यंतची वजनं माझ्या घरात असतात. वय अठ्ठावन्न. आम्हाला मूलबाळ झालं नाही. हिची, म्हणजे माझ्या बायकोची आई सहा वर्षांपासून आमच्याकडे होती. मागच्या वर्षी ही गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, जावई आणि सासू. मग सासूबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण पाय जमिनीवर ठरेना. सकाळी एक बाई येऊन त्यांचं आवरून, कपडे धुऊन जाई. बाकी दिवसभर पलंग.

धाकटी, म्हणजे माझी मेहुणी, दुसऱ्या गावात राहते. ती आली, दोन दिवस राहिली आणि जाताना म्हणाली की तिच्या गावातल्या एका संस्थेत आईसाठी खाट मिळतेय. मी म्हटलं, आई इथंच बऱ्या आहेत. तिनं माझ्याकडे पाहिलं. वाईट बोलायचं तिच्या मनात नव्हतं, पण बोलली.

"भावोजी, तुम्हाला ताईला उचलता आलं नाही. आईला कसं उचलणार?"

ते खरं होतं. शेवटच्या महिन्यात हिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं होतं. मी उचलायला गेलो आणि ती माझ्या हातांतून घसरून खाली बसली. मला काही तिला वर घेता येईना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला हाक मारली, त्यानं उचलून ठेवलं. तिनं गाऊन सारखा केला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर एकोणीस दिवस होती, पण खुर्चीचं नाव तिनं काढलं नाही.

मी धाकटीकडे तीन महिने मागितले. तीन महिन्यांनी ये, तुझ्यासमोर आईंना पलंगावरून खुर्चीत बसवून दाखवतो. नाही जमलं तर घेऊन जा. ती हो म्हणाली. सासूबाई रात्री जेवताना म्हणाल्या, "तिकडं मोठीला ओळखणारं कोणी नसेल." मोठी म्हणजे ही. मलाही दुसरं कोण होतं, जिच्याशी हिच्याबद्दल बोलावं?

कोपऱ्यावर जिम होती. पण मी तिथं जाऊन दंड फुगवणार, तोवर आईंजवळ कोण? आठवड्यातून एकदा नर्सबाई येत. त्यांनी सांगितलं की स्नायूंना जिम आणि घर यातला फरक कळत नाही, त्यांना ओझं लागतं, खाणं लागतं आणि झोप लागते. पहिल्या दिवशी त्यांनी मला फक्त खुर्चीवर बसायला आणि हात न टेकता उठायला लावलं. मग भिंतीला हात लावून दंड. एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचं. रोज दोन अंडी आणि दूध. मला वाटलं, एवढ्यानं काय होणार? दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला.

भिंतीवरून मी स्वयंपाकाच्या ओट्यावर आलो, ओट्यावरून जमिनीवर. जमिनीवरच्या पहिल्या दंडाला खाली गेलो आणि वर येता येईना. गाल फरशीला लागून पडून राहिलो.

"झोपलात का?" सासूबाईंनी विचारलं.

झोपलो नव्हतो. कपाटाखाली हिची केसांची पिन दिसत होती. हात घालून काढली, पुसली आणि त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि स्वतःच्या केसांत खोचली. मग पेल्यावर चमचा मारला. मी पुन्हा पालथा झालो आणि त्या दिवशी एक दंड पुरा काढला.

दुसऱ्या महिन्यात मी वजनं काढली. आधी पाच-पाच किलोची दोन हातांत घेऊन उठबस. मग दहा-दहाची. पाठीला पिशवी बांधून तीत पाच किलोचं टाकून दंड. शर्टाच्या बाह्या घट्ट व्हायला लागल्या. दवाखान्यातला मोठा काटा एकट्यानं सरकवला तेव्हा तिथला कारकून म्हणाला, काय हो, लग्नबिग्न ठरलं की काय? घरी येऊन सांगितलं तर सासूबाई पलंग हलेपर्यंत हसल्या. हिच्यानंतर त्या घरात एवढं कोणी हसलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात दोन्ही हातांत मिळून पन्नास किलो जमिनीवरून उचलू लागलो. दवाखान्याच्या कागदावर सासूबाईंचं वजन चव्वेचाळीस होतं. माझा हिशोब पक्का होता.

धाकटी यायच्या आठ दिवस आधी नर्सबाईंसमोर रंगीत तालीम केली. सासूबाईंना पलंगाच्या कडेला बसवलं, काखेत हात घातले आणि उचललं. त्या अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझी कंबर धरली. तशाच कमरेनं जाऊन लोखंड उचलून पाहिलं. पन्नास किलो गुमान वर आले.

नर्सबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही यांना इतकं लांब का धरता?"

मी खाली पाहिलं. माझ्या आणि सासूबाईंच्या मध्ये हातभर जागा होती.

मग मी त्यांना मला काट्यांचं काम शिकवणाऱ्या उस्तादांबद्दल सांगितलं. तपासणीचं वजन अंगाला लागू द्यायचं नसतं. घाम लागतो, गंज चढतो, वजन बदलतं. उस्ताद वजनांना काजळी फासायचे आणि आम्हाला उचलायला लावायचे. शर्टाला डाग दिसला की पहिल्यापासून. चाळीस वर्षं मी तसंच उचलत आलो. ही सगळ्यांना कौतुकानं सांगायची की यांचे शर्ट फक्त कॉलरला मळतात.

नर्सबाई म्हणाल्या, "लांब धरलेलं ओझं जड होतं, हे मी तुम्हाला सांगायचं?"

खरंच होतं ते. काट्याच्या दांडीवर वजन जितकं लांब सरकवावं तितकं ते जड होतं. यावरच तर मी पोट भरत आलो. मी पलंगाच्या कडेला बसलो. ही तेव्हा अडतीस किलोची होती. ती घसरली त्या दिवशीचा माझा शर्ट मला आठवत होता. स्वच्छ होता तो. संध्याकाळी घडी करून मी तो परत कपाटात ठेवला होता.

नर्सबाईंनी नीट दाखवलं. पाय कुठे, गुडघ्याला गुडघा कसा लावायचा, छातीशी धरून पुढे-मागे झुलून कसं उठवायचं. मी पुढे झालो आणि पुन्हा अवघडलो. कितीही झालं तरी त्या सासूबाई.

"अहो, पोटची पोर दिलीय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आता लाजताय कसले?"

पुढचे आठ दिवस मी वजनं छातीशी कवटाळून उठबस केली. सगळे शर्ट मळले. सकाळची बाई कुरकुरली तर सासूबाईंनी तिला गप्प केलं.

धाकटी आली ती संस्थेचा फॉर्म घेऊनच. हातातली पिशवी खाली न ठेवता ती दारातच उभी राहिली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पेल्यावर चमचा मारला.

मी गुडघ्याला गुडघा लावला. त्यांचे हात माझ्या पाठीमागे आले, डोकं छातीवर टेकलं. केसांतली पिन टोचली. पुढे, मागे, पुढे, आणि मी मांड्यांवर जोर घेतला. खालून, जमिनीपासून जोर आला. पलंग करकरला आणि सासूबाई उभ्या राहिल्या.

पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या उभ्या होत्या. मी खुर्चीकडे वळणार तोच म्हणाल्या, "थांबा जरा." थांबलो. माझ्या खांद्यावरून त्यांना खिडकीतून रस्ता दिसत होता. त्या बघत राहिल्या. माझे हात थरथरले नाहीत. कितीही वेळ मी तसा उभा राहिलो असतो.

मग त्या म्हणाल्या, "ही धरली."

मी वळलो आणि त्यांना हिच्या खुर्चीत बसवलं. गाऊन त्यांनी स्वतःच सारखा केला. धाकटी म्हणाली, परत करा. परत केलं. ती म्हणाली, अजून एकदा. तिसऱ्या वेळी तिनं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "भावोजी, मला शिकवाल?" सासूबाईंनी तिला आधी भिंतीसमोर उभं केलं आणि पेला हातात घेतला. धाकटीचे पहिले चार दंड धरलेच नाहीत.

धाकटी संध्याकाळी परत गेली. फॉर्म तिच्या पिशवीतच राहिला. सासूबाईंनी मला विचारलं, जिना किती पायऱ्यांचा? मी म्हटलं, अठरा. त्या म्हणाल्या, मग उद्याचा दिवस सोडा, परवापासून बघू.

मी न्हाणीत जाऊन बादली भरली आणि शर्ट काढला. छातीवर डोक्याएवढा तेलाचा डाग पडला होता. डागाच्या मध्ये पिनेनं एक दोरा ओढला गेला होता. मी साबण हातात घेतला.

मग बादलीत पायमोजे धुतले. शर्ट खुंटीला अडकवला.